कुकीतली राख

न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या मावसबहिणीने दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलीला ओट आणि बेदाणे घातलेल्या कुकीजची कृती कळवली. लोणी, तपकिरी साखर, एक अंडे, दीड वाटी ओट, वाटीभर मैदा, मूठभर बेदाणे, चिमूटभर दालचिनी आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. मे महिन्याची सुट्टी होती. सगळे साहित्य ओट्यावर मांडून झाले आणि मग लक्षात आले की सोड्याची डबी रिकामी आहे. दुपारी दोनची वेळ, दुकाने बंद. फडताळात पापडखाराची पुडी होती. पापडखार म्हणजे सोड्याचाच भाऊबंद, चालेल, असे आम्ही मोठ्या अधिकाराने सांगून टाकले. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला माणूस घरात असताना आणखी कुणाला विचारायचे? वर ‘पुडी जुनी दिसते, थोडा जास्तच घाल’ असा सल्लाही दिला.

कुकीज फुगल्या नाहीत. थापल्या तशाच बसून राहिल्या. रंग मात्र झकास आला, गडद तपकिरी. पण तुकडा तोंडात घातल्यावर पहिली चव आली ती साबणाची. आमच्या आईने उभ्या जन्मात कुकी केलेली नाही. तिने एक कण जिभेवर ठेवला आणि म्हणाली, “अरे, यात धुण्याचा सोडा घातलास की काय?”

घातला होताच. पापडखारात मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट असते, आणि यांतले कार्बोनेट म्हणजेच धुण्याचा सोडा. आमच्या पुडीत त्याचाच भाग मोठा असणार. खाण्याचा सोडा म्हणजे निव्वळ बायकार्बोनेट. तो तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते आणि मागे कार्बोनेट उरते. हा वायूच कुकीला फुगवतो. कार्बोनेट मात्र ओव्हनच्या उष्णतेला दाद देत नाही. त्यातून वायू काढायचा तर आम्ल हवे, आणि आमच्या पिठात तपकिरी साखरेतली काकवी सोडली तर आम्ल असे नव्हतेच. तेव्हा कार्बोनेट तसेच राहिले आणि समोर लोणी दिसताच त्याने आपले मूळ काम सुरू केले. स्निग्ध पदार्थ आणि आम्लारी एकत्र येऊन तापले की साबण होतो, हे आपण आठवी-नववीच्या मुलांना शिकवतोच. रंग झकास का आला, तेही यातच आहे. शर्करा आणि प्रथिने तापून जी तपकिरी द्रव्ये तयार होतात (फ्रेंच वैद्य व रसायनज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली या अभिक्रियेचे वर्णन केले), ती आम्लारिधर्मी पिठात लवकर तयार होतात.

असो. फसलेल्या कुकीज कावळ्यांनीही नाकारल्या. पण त्या निमित्ताने आम्ही जुनी पुस्तके चाळायला लागलो, आणि असे दिसले की आम्ही अजाणता जे केले तीच कुकीची मूळ कृती होती. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या छापील कुकीजमध्ये खाण्याचा सोडा नाही. त्यात राख आहे.

अमीलिया सिमन्स या बाईंचे ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक १७९६ साली कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डला छापले गेले. अमेरिकन लेखकाने लिहिलेले आणि अमेरिकेत छापलेले हे पहिले पाकपुस्तक समजले जाते. या बाईंविषयी फारच थोडी माहिती आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःला अनाथ म्हटले आहे. ‘कुकी’ हा शब्दही याच पुस्तकातून प्रथम पाकपुस्तकात आला. तो डच भाषेतला, अर्थ लहान केक. न्यूयॉर्कच्या डच वसाहतीतून तो इंग्रजीत शिरला. सिमन्सबाईंच्या कुकीत ओट नाही, बेदाणे नाहीत, दालचिनीही नाही. एक पौंड साखरेचा पाक, अडीच पौंड पीठ, चार औंस लोणी, आणि सुगंधासाठी चक्क धन्याची पूड! आणि या सगळ्यात दोन चहाचे चमचे ‘पर्लॅश’, दुधात विरघळवून.

पर्लॅश म्हणजे मोत्याच्या रंगाची राख. रसायनशास्त्राच्या भाषेत पोटॅशियम कार्बोनेट. ती कशी करत ते पाहण्यासारखे आहे. लाकडाच्या पिंपाच्या तळाला भोके पाडायची, त्यावर पेंढा पसरायचा, वर राख भरायची आणि वरून पाणी ओतायचे. खालून तपकिरी, हाताला बुळबुळीत लागणारे पाणी ठिबकते. ते लोखंडी कढईत आटवले की काळपट खडे उरतात. हे ‘पॉटॅश’, म्हणजे भांड्यातली राख. ते खडे भट्टीत पुन्हा भाजले की त्यातला कोळशाचा अंश जळून जातो आणि पांढरी पूड मिळते. ती पर्लॅश. हंफ्री डेव्ही यांनी १८०७ साली वितळलेल्या पोटॅशमधून विजेच्या साहाय्याने जो नवा धातू वेगळा केला, त्याचे पोटॅशियम हे नाव या कढईतल्या राखेवरून पडले. त्याची संज्ञा लॅटिन ‘कॅलियम’वरून आली. तो शब्दही शेवटी अरबी ‘अल्-कली’पाशी, म्हणजे वनस्पतींच्या राखेपाशीच जाऊन पोचतो.

राखेतून अर्क काढण्याची ही विद्या आपल्याकडेही फार जुनी. सुश्रुतसंहितेत क्षारपाकाची सविस्तर कृती आहे. ठरावीक वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून वस्त्रगाळ करायची, ते पाणी आटवायचे, आणि अधिक तीक्ष्ण क्षार हवा असेल तर भाजलेले शंख-शिंपले त्यात विझवायचे. त्या वनस्पतींच्या यादीत पळसही आहे. खताच्या पोत्यावर पोटॅशला आपण आजही ‘पालाश’ म्हणतो. इथे वर्गात एक गोंधळ होतो, त्याची आठवण करून द्यायला हवी. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘क्षार’ म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होणारा पदार्थ, उदाहरणार्थ मीठ. सुश्रुतांचा ‘क्षार’ म्हणजे आपला आम्लारी. पापडखारातला ‘खार’ हा सुश्रुतांच्या अर्थाचा आहे. मुलांनी विचारले तर दोन्ही अर्थ सांगून टाकावेत. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

आता थोडा हिशेब करू. वाळलेले लाकूड पूर्ण जाळले तर साधारण शंभरात एक भाग राख उरते. त्या राखेतलाही बराच भाग चुनखडीसारखा, पाण्यात न विरघळणारा. विरघळणारा भाग ढोबळमानाने दहावा हिस्सा धरू. म्हणजे एक हजार किलो लाकडामागे दहा किलो राख, आणि दहा किलो राखेमागे एक किलो पर्लॅश. सिमन्सबाईंचे दोन चमचे म्हणजे दहाएक ग्रॅम. तेवढ्यासाठी दहा किलो लाकूड जळाले. भट्टीला लागलेले जळण वेगळेच.

अर्थात कुणी कुकीसाठी जंगल जाळत नव्हते. काच, साबण, लोकर धुणे, दारूगोळ्याचा सोरा या सगळ्यांना पोटॅश लागत असे, आणि इंग्लंडने आपली झाडे केव्हाच संपवत आणली होती. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर व पश्चिम भागात, जिथे इरोक्वाय लोकांची वस्ती आणि शेती होती, तिथली जमीन स्वातंत्र्ययुद्धानंतरच्या तहांमधून त्यांच्या हातून गेली. नव्या वसाहतवाल्याला पहिले पीक यायला वर्ष-दोन वर्षे लागणार, पण जमीन मोकळी करताना तोडलेल्या मेपल आणि एल्मच्या राखेला रोख पैसा मिळे. राख विकत घेणारे कारखाने गावोगावी निघाले. अमेरिकन सरकारने दिलेले अगदी पहिले पेटंट ३१ जुलै १७९० या तारखेचे आहे. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे. ते कशाचे असावे? पोटॅश आणि पर्लॅश करण्याच्या सुधारित पद्धतीचे. सॅम्युएल हॉपकिन्स यांची युक्ती साधी होती: पाणी ओतण्याआधी राख भट्टीत पुन्हा एकदा जाळायची, म्हणजे अर्क अधिक मिळतो. नव्या देशाला पहिल्या प्रथम संरक्षण द्यावेसे वाटले ते या राखेला.

आमच्यासारख्या लोकांना इथे एक प्रश्न पडतो. पिठात राखेचा अर्क घातला की ते हलके होते, हे या बायकांना कसे कळले? एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५०च्या दशकात दाखवून दिले होते की सौम्य आम्लारीत एक वायू बांधलेला असतो आणि आम्ल घातले की तो सुटतो. त्यांनी त्याला ‘बद्ध वायू’ म्हटले. तो कार्बन डायऑक्साइड. ब्लॅक यांचा निबंध १७५६ साली छापला गेला, सिमन्सबाईंचे पुस्तक त्यानंतर चाळीस वर्षांनी. तेव्हा विज्ञान आधी आणि स्वयंपाकघर मागून, असे म्हणायचा मोह होतो. आम्हाला हे पटत नाही. पर्लॅशची कृती सांगताना या बाई कारण सांगत नाहीत, शिफारस करत नाहीत, ही नवी युक्ती आहे असेही म्हणत नाहीत. दोन चमचे घाला, एवढेच. ज्या गोष्टीची सगळ्यांना सवय असते तिच्याबद्दल माणूस असाच लिहितो. साबणासाठी राखेचे पाणी घरोघरी निघतच होते. आंबट दुधात ते सांडले तर फेस येतो हे पाहायला एडिंबरोला जावे लागत नाही.

मात्र प्रमाण त्यांना नेमके माहीत होते. अडीच पौंड म्हणजे साधारण अकराशे तीस ग्रॅम पिठाला दहाएक ग्रॅम पर्लॅश, म्हणजे शंभराला एकापेक्षाही कमी. आमच्या त्या दुपारच्या कुकीजमध्ये मैदा आणि ओट मिळून हिशेब केला तरी हे प्रमाण दुपटीहून अधिक होते. ‘थोडा जास्तच घाल’ हे आमचे शास्त्र.

पर्लॅशचे दोष लोकांना खुपत होतेच. जास्त झाली की कडसर, साबणासारखी चव. कमी झाली की दगड. म्हणून पर्लॅशवर कार्बन डायऑक्साइड सोडून तिचे बायकार्बोनेट करण्याची रीत निघाली. या पुडीला ‘सॅलरेटस’ म्हणत, म्हणजे हवा भरलेले मीठ. पुढे १८४०च्या दशकात त्याच नावाखाली पोटॅशियमऐवजी सोडियमचे बायकार्बोनेट विकले जाऊ लागले. तोच आपला खाण्याचा सोडा. जॉन ड्वाइट आणि त्यांचे मेहुणे ऑस्टिन चर्च यांनी १८४६ साली न्यूयॉर्कमध्ये, ड्वाइट यांच्या स्वयंपाकघरात, हाताने कागदी पिशव्या भरून तो विकायला सुरुवात केली.

पण हा सोडियमचा सोडा आला कुठून? तो राखेतून आला नाही, मिठातून आला. निकोला लब्लां या फ्रेंच वैद्याने १७९१ साली मिठापासून धुण्याचा सोडा करण्याची रीत पेटंट केली. मिठावर गंधकाम्ल, मग कोळसा आणि चुनखडी घालून भट्टी. त्यांना भांडवल पुरवणाऱ्या ऑर्लीन्सच्या ड्यूकचा १७९३ साली गिलोटिनखाली शिरच्छेद झाला, कारखाना क्रांतिकारी सरकारने ताब्यात घेतला, कृती जाहीर करून टाकली. लब्लां यांनी १८०६ साली आत्महत्या केली. त्यांची रीत मात्र इंग्लंडात लँकाशायरमध्ये जोरात चालली आणि तिने तिथल्या शेतांवर हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडला. झाडे जळाली, कुंपणाच्या तारा गंजल्या. १८६३ साली ब्रिटिश पार्लमेंटला ‘अल्कली अॅक्ट’ करावा लागला. कारखान्याच्या धुराबद्दलच्या पहिल्या कायद्यांपैकी तो एक. म्हणजे झाडे राखेसाठी जळत होती ती वाचली, आणि दुसरीकडची झाडे राख न करता जळली.

लब्लां यांच्या रीतीला बाजूला सारले ते बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्वे यांनी. १८६१ सालची त्यांची रीत आजही चालू आहे. मिठाच्या संपृक्त पाण्यात अमोनिया मुरवायचा आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. पाण्यात कमी विरघळणारे म्हणून सोडियम बायकार्बोनेट तळाशी बसते. गंमत अशी की इथे खाण्याचा सोडा आधी तयार होतो, आणि तो भाजून धुण्याचा सोडा करतात. आपल्याकडे गुजरातेत ओखामंडळात, मिठापूरला, १९३९ साली स्थापन झालेला टाटांचा कारखाना याच वाटेने गेला.

हे वर्गात दाखवता येते, आणि जरूर दाखवावे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकले तर रंग थोडाच बदलतो. मग तोच सोडा कोरड्या तव्यावर दहा-पंधरा मिनिटे चांगला भाजावा. तो आधी उकळल्यासारखा हलतो, मग निपचित पडतो. थंड झाल्यावर त्याचे पाणी हळदीच्या कागदावर टाकले तर लाल डाग पडतो. तराजू चांगला असेल तर वजनही करावे: ८४ ग्रॅम सोड्याचे ५३ ग्रॅम उरायला हवेत. तिसरा डाग चुलीच्या राखेच्या गाळलेल्या पाण्याचा घ्यावा. तो भाजलेल्या सोड्यासारखाच लाल येतो. राखेचे हे पाणी बरेच आटवून त्यात लिंबू पिळले की बुडबुडे येतात. अमीलिया सिमन्स यांची भट्टी मुलांना बशीत दिसते. आटवलेले पाणी डोळ्यांत उडणार नाही आणि हाताला लागणार नाही याची काळजी मात्र शिक्षकांनीच घ्यायची.

आता ओटकडे वळू. अमेरिकेत ओट हे बराच काळ मुख्यतः घोड्यांचे खाद्य होते. स्कॉटलंडहून आलेली कुटुंबे ते खात, बाकीचे नाक मुरडत. फर्डिनंड शूमाखर या जर्मन वाण्याने १८५०च्या दशकात ओहायोतल्या अॅक्रन गावी माणसांसाठी ओट दळायला सुरुवात केली. ‘क्वेकर’ हा शिक्का १८७७ साली नोंदला गेला. वाफवून रुळाखाली चपटे केलेले ओट पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, खोक्यावर पाककृती छापून विकण्याची टूम त्यानंतरच्या दोन दशकांत रुळली.

ओट वाफवणे हे नुसते लवकर शिजावे म्हणून नाही. गव्हाच्या मानाने ओटमध्ये स्निग्धांश कितीतरी जास्त असतो, आणि दाण्याच्या बाहेरच्या थरात तो फोडणारे लायपेज हे विकरही भरपूर असते. दाणा अखंड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. दळला की पडते, आणि मेदाम्ले मोकळी होऊन पीठ काही दिवसांत कडू होते. वाफेने हे विकर निकामी होते. मोकळ्या मेदाम्लांचा आम्लारीशी साबण व्हायला वेळ लागत नाही, लोण्याहून तो फार लवकर होतो. तेव्हा कच्च्या ओटच्या पिठात पर्लॅश घालून कुणी कुकी केली असती, तर ती आमच्या कुकीच्या तोडीची झाली असती, असा आमचा तर्क आहे.

फॅनी फार्मर यांच्या १८९६ सालच्या ‘बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’मध्ये ओटच्या कुकीजची कृती आहे. चमचा आणि कप सपाट भरून मोजायचा, हा आग्रह धरणाऱ्या या बाई. ‘चिमूटभर’ आणि ‘अंदाजाने’ यांच्याशी त्यांचे वैर होते आणि आम्ही या वादात आता त्यांच्या बाजूने आहोत. त्यांची कृती बारीक ओटची, आणि पीठ फुगवायला बेकिंग पावडर, म्हणजे सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र. बेदाणे त्यातही नाहीत. ते मागून आले. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, गहू आघाडीवर पाठवायचा म्हणून अमेरिकन सरकारने घरोघरी ओट आणि मका वापरण्याचा प्रचार केला, त्याच सुमाराला कॅलिफोर्नियातल्या बेदाणा उत्पादकांची संघटना आपला माल देशभर खपवायची धडपड करत होती. दोघे एकाच ताटात आले यात नवल नाही.

कॅलिफोर्नियाचा हा बेदाणा म्हणजे थॉमसन सीडलेस. विल्यम थॉमसन यांनी १८७२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या रोपवाटिकेतून टपालाने काही द्राक्षकाड्या मागवल्या आणि युबा सिटीजवळ लावल्या. जात मूळची तुर्कस्तान-इराणकडची. या द्राक्षात बी धरते, पण वाढ अर्ध्यावर खुंटते. बी नसले की लागवड काडीनेच, म्हणजे जगातला प्रत्येक थॉमसनचा वेल एका अर्थी एकच वेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच वेल नाशिक, सांगली, सोलापूरकडे पसरला. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही नावे आपल्या ओळखीची आहेत; त्या सगळ्या थॉमसनमधूनच शेतकऱ्यांच्या नजरेने निवडलेल्या जाती. ‘बेदाणा’ या शब्दातही ते आहे: फारसी ‘बे’ म्हणजे विना. काळ्या बियांच्या मनुका वेगळ्या.

गेल्या मार्चमध्ये कामानिमित्त आम्ही तासगावकडे गेलो होतो. एका ओळखीच्या बागायतदारांनी त्यांची बेदाण्याची शेड दाखवली. जाळीच्या एकावर एक दहा-बारा फळ्या, वर छप्पर, बाजू उघड्या, हिरवट घड सगळीकडे पसरलेले. शेडच्या तोंडाशी प्लास्टिकच्या टाक्या होत्या. घडांचे क्रेट त्यांत दोन-चार मिनिटे बुडवून काढत होते. ‘हे डिपिंग ऑइल,’ ते म्हणाले, ‘आणि ही पावडर.’ लिटरला पंधरा मिलिलिटर तेल, पंचवीस ग्रॅम पावडर. तेल म्हणजे इथाइल ओलिएट. पावडरच्या गोणीवरचे नाव वाचायला आम्ही चष्मा लावला. पोटॅशियम कार्बोनेट.

पर्लॅशच की!

द्राक्षाच्या सालीवर मेणाच्या सूक्ष्म खवल्यांचा थर असतो. पाऊस आत येऊ नये आणि आतले पाणी बाहेर जाऊ नये अशी ती कौलेच. तेल या कौलांमध्ये शिरून त्यांची रचना सैल करते, आणि कार्बोनेट तेलाला पाण्यात मिसळून ठेवते, मोकळ्या मेदाम्लांचा साबण करते. साल न फाटता पाण्याला वाट मिळते. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा पंधरा-वीस दिवसांत, सावलीत, रंग न काळवंडता तयार होतो. न बुडवता ठेवली तर कितीतरी अधिक दिवस लागतात. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस कधी येईल याचा नेम नसताना या वाचलेल्या दिवसांची किंमत काय असते, ते बागायतदारांना सांगावे लागत नाही. एका रात्रीत शेडभर माल बुरशीने जाताना त्यांनी पाहिला होता.

ही रीत सांगलीकडे ऑस्ट्रेलियाच्या वाटेने आली असली तरी तिचे मूळ भूमध्य समुद्राकाठचे आहे. तुर्कस्तानात आजही पोटॅश आणि ऑलिव्हच्या तेलात द्राक्षे बुडवतात. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला, जन्माने स्पेनमधल्या कादिसचा, त्याच्या शेतीवरच्या ग्रंथाच्या बाराव्या भागात हीच कृती देतो: राखेचे पाणी उकळायचे, त्यात चांगले तेल थोडेसे घालायचे, घड त्यात बुडवून काढायचे आणि वाळवायचे. कुकीच्या पिठातून राख दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हद्दपार झाली, असे आम्ही समजत होतो. पिठावरच्या बेदाण्याच्या सालीवर ती इतका काळ बसलेलीच होती.

आम्ही बागायतदारांना अमीलिया सिमन्स यांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “म्हणजे आमची आजी राखेनं भांडी घासायची, ती हीच पावडर?” हीच, आम्ही म्हटले, फक्त तुमच्या आजीला ती गोणीने विकत घ्यावी लागली नाही. त्यावर ते हसले आणि गोणीचा भाव सांगितला.

येताना दोन किलो बेदाणा घेऊन आलो. या खेपेला सोड्याची नवी डबी आणली, चमचा सुरीने सपाट केला, आणि सल्ला दिला नाही. कुकीज फुगल्या, पसरल्या, कडेने तपकिरी झाल्या. आईने एक पूर्ण खाल्ली. दालचिनी जरा जास्त झाली आहे, म्हणाली.